खंड्याची माती

कारागिराच्या बायकोला सगळी आळी भटकी म्हणायची. आता बाई भटकायची ती किती, तर घरापासून नदीपर्यंत आणि नदीपासून घरापर्यंत, तेही डोक्यावर ओल्या मातीची पाटी घेऊन. पण नाव एकदा पडलं की पडलं. आणि ते ठेवलं होतं नवऱ्यानंच. लग्नाच्या पहिल्या वर्षी चारचौघांत हसत हसत म्हणाला होता, "आमची भटकी गेली वाटतं नदीवर." लोकांना काय, आयतंच मिळालं.

त्याला स्वतःला मात्र कारागीर म्हटलेलं आवडायचं. बोटांत कसब होतं त्याच्या, नाही म्हणायचं कारण नाही. चाकावर बसला की गोळ्यातून मडकं असं वर यायचं की बघणाऱ्यानं काम विसरावं. पण त्या घराची एक रीत होती, त्याच्या बापाच्याही आधीपासूनची. माती शोधायची, आणायची, भिजवायची, खडे वेचायचे, तुडवायची, हे सगळं बाईनं करायचं. पुरुषानं बसायचं ते थेट चाकावर. कारागिराच्या हातात गोळा यायचा तो लोण्यासारखा. लोणी कुठल्या दुधाचं, हे त्यानं जन्मात कधी विचारलं नव्हतं.

दूध कुठलं ते भटकीला ठाऊक होतं. तिच्या आईनं लहानपणीच शिकवलं होतं, "खंड्या बीळ करतो तिथली माती घ्यावी. चोचीनं खणायचं असतं बिचाऱ्याला, खड्याच्या जागी तो चोच कशाला फोडून घेईल?" म्हणून ती नदीची दरड बघत बघत जायची. निळ्या पाठीचा खंड्या दिसला, दरडीत बिळाचं तोंड दिसलं, की त्याच्या घराला धक्का न लावता बाजूची माती काढायची. कुणी विचारलं तर माती आणायला जाते म्हणायची. खरं सांगायचं तर माती हे निमित्त होतं. वारा खायला जायची ती. पाण्यात पाय सोडून बसायला जायची.

कारण घरात श्वास घ्यायला जागा नव्हती. पुढं चाकाची खोली, मागं अंगण, अंगणाला पुरुषभर उंच भिंत, आणि भिंतीला टेकून भट्टी. स्वयंपाकाच्या खोलीला एवढंसं भोक, तेही धुरासाठी. आणि या सगळ्यात भरून उरलेला कारागीर. ती पाण्याला उठली तरी, "कुठं?" खोकली तरी, "काय झालं?" तेही काळजीनं विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. नदीवरून आली की उंबऱ्यातच अडवायचा. "पाय दाखव." मग तिनं पाटी डोक्यावर तशीच धरून, भिंतीचा आधार घेऊन, एकेक पाऊल उलटं करून तळवा दाखवायचा. दरडीची माती पिवळी. तळव्याला पिवळीखेरीज दुसरी माती दिसली की गेलीच कुठं म्हणून उलटतपासणी. सासूबाई आतल्या ओट्यावर बसून हे बघायच्या. तोंडातून चकार शब्द नाही. म्हातारी दगड आहे, असं भटकीनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या उन्हाळ्यात कालव्याच्या कामावर मजूर आले होते. त्यांच्यासाठी व्यापाऱ्यानं पाण्याच्या मडक्यांची मोठी मागणी दिली. नदीपलीकडच्या कुंभाराला डावलून काम याला मिळालं, म्हणून कारागीर आळीभर छाती काढून हिंडला. भटकीलाही आनंद झाला. माती पुष्कळ लागणार, म्हणजे नदी रोज.

आणि नदीवर तेव्हा पिल्लं होती. खंड्याचं जोडपं मासा चोचीत आडवा धरून यायचं, बिळात शिरायचं, की आतून किरकिर चालू. भटकी समोरच्या खडकावर बसून बघायची. आता पिसं फुटली असतील, आता तोंडाशी येतील, आता पहिलं उडेल. पहिलं पिल्लू उडताना आपण तिथं असायचंच, हे तिनं ठरवलं होतं. आयुष्यात तिनं स्वतःहून ठरवलेली गोष्ट ती एवढीच असेल.

एके दिवशी एक पिल्लू बिळाच्या तोंडाशी आलं. एवढं मोठं डोकं, एवढीशी शेपटी. खाली पाणी बघून असं घाबरलं की उलट्या पावली आत पडलं. भटकीला हसू फुटलं. केस धुऊन मोकळे सोडले होते, पाय पाण्यात, एकटीच खडकावर बसून खदखदून हसत होती.

"कुणाशी हसतेस?"

मागं कारागीर उभा.

"पाखराचं पिल्लू..." तिनं बोट दाखवलं. पिल्लू कधीच आत गेलेलं.

"पाखराला हसतेस? मी खुळा वाटलो होय तुला?" त्यानं आजूबाजूची झुडपं धुंडाळली. कुणी नव्हतं. कुणी नाही याचाच त्याला जास्त राग आला. भरलेली पाटी त्यानं लाथेनं उडवली, ती मातीसकट पाण्यात गेली आणि वाहत निघाली. मग तिला तशीच पुढं घातली. ओले केस, साडी पोटऱ्यांना चिकटलेली, आणि मागून हा ओरडतोय, "चल! मान खाली घाल! केस झाकू नकोस, दिसू दे लोकांना!" आळीच्या तोंडाशी शिंपी कात्री थांबवून बघत राहिला. बायका दारात आल्या. भटकी रडली नाही. रडायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. शिंपी, त्याची कात्री, दारातली एकेक बाई, सगळं नीट बघून ठेवत ती चालली होती.

दुसऱ्या दिवशी लोहाराकडून कडी आली. दाराला, बाहेरून. कारागीर बाजारात निघाला की कडी, पारावर निघाला की कडी. आत सून आणि सासू.

"मग माती?" तिनं विचारलं.

"ती माझी मी बघतो."

बघितली ना त्यानं! टेकडीच्या पायथ्याशी रस्त्यासाठी खणत होते, तिथली माती गाडीवाल्याला सांगून गाडीभर आणली. अंगणात ढीग पडला. रंग तांबूस, चिकण, दिसायला सुरेख. भटकीनं मूठभर उचलली, दोन बोटांत चोळली, आणि तिचा हात थांबला. ज्वारीच्या दाण्याएवढे, पांढरट, हलके खडे. चुनखडी. लहानपणी आईच्या घरची अख्खी भट्टी या खड्यांनी खाल्लेली तिनं डोळ्यांनी पाहिली होती. हा खडा फसवा. भट्टीत तो मरत नाही, नुसता भाजून निघतो. मडकं बाहेर येतं खणखणीत. आणि मग कधीतरी ओल लागली की खडा आतून फुगतो आणि मडक्याची खपली उडवून बाहेर येतो.

"अहो, ही माती..."

"तोंड बंद!" गाडीवाला समोर होता, म्हणून आवाज जरा जास्तच चढला. "विचारल्याशिवाय आवाज काढायचा नाही या घरात. ऐकलंस?"

गाडीवाला बैलाच्या शिंगाकडं बघू लागला.

"काय म्हणालो मी?"

"विचारल्याशिवाय आवाज काढायचा नाही," भटकी म्हणाली.

"हां."

ठीक आहे, ती मनात म्हणाली.

माती भिजली. तुडवायला ती उतरली. साडी खोचून, काठीवर भार देऊन, टाच आधी, मग चवडा, गोल गोल. सकाळचं ऊन भिंतीवरून उतरून पाठीवर आलं, घाम कमरेपर्यंत गेला. तळव्याला खडा लागायचा. इतकी वर्षं खडा लागला की वाकायचं, बोटानं काढायचा, भिंतीपलीकडं फेकायचा, ही सवय. कंबर आपोआप वाकायला जायची. तिनं कमरेला दटावलं. मोठे खडे तेवढे काढले, म्हणजे चाकावर बोटाला लागून बोभाटा नको. बारीक राहू दिले. प्रत्येक खडा तिच्या तळव्याला कळत होता. हा घे पाटीबद्दल. हा घे केसांबद्दल. हा त्या शिंप्याच्या कात्रीबद्दल. पायाखाली चिखल पचपचत होता आणि तिला असं बरं वाटत होतं म्हणता, जसं काही नदीच्या पाण्यातच उभी आहे.

एकच भीती होती. सासूबाई. म्हातारीचा जन्म मातीत गेलेला. गोळे करायला त्या बसल्याच. पहिलाच गोळा दाबला आणि बोटं थांबली. नखानं उकरून त्यांनी पांढरा खडा काढला, उन्हात धरला, मग सुनेकडं बघितलं. आता हाक मारणार लेकाला.

सासूबाईंनी खडा परत गोळ्यात दाबला, वरून अंगठा फिरवला.

"आताशा डोळ्यांना दिसत नाही काही," त्या म्हणाल्या.

सकाळीच या बाईनं पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवला होता! भटकी बघतच राहिली.

"तुझा सासरा," गोळा थापटत म्हातारी बोलली, "मला आंब्याच्या बनात जाऊ द्यायचा नाही. मागच्या बाजूला होतं तेव्हा. पहाटे कोकीळ ओरडायची, आणि मी इथं तुडवत असायची. बन दिसतं म्हणून त्यानं ही भिंत घातली." थोड्या वेळानं पुन्हा, "याला मी अंगावर पाजला, आणि हा दार लावून जातो मला. म्हातारीचं काय, कुठं जाणार, म्हणतो." बस्स. गोळे मात्र भराभर झाले.

चाकावर कारागीर कुरकुरला. "खरखर लागतेय जरा. नीट तुडवलीस का?"

"हो."

"पुन्हा तुडव."

तिनं पुन्हा तुडवली. हुकमाची ताबेदार! मडकी झाली, थापीनं थापून गोल झाली, सावलीत वाळली, भट्टी लागली. भट्टीच्या झळीनं तिच्या भुवया करपल्या. कारागीर लांब बसून सरपण घाल, कमी कर, असं सांगत होता. भट्टी उघडली तर काय मडकी! तांबूस, तुळतुळीत, बोट मारावं तर घंटेसारखी वाजतात.

"बघितलंस? कुठं नडलं तुझ्या नदीवाचून?" कारागीर म्हणाला. "माती नाही, हात लागतो हात!"

त्यानं विचारलं होतं की नुसतं सांगितलं होतं? नुसतं सांगितलं होतं. ती गप्प राहिली.

व्यापारी सगळा माल उचलून घेऊन गेला. सगळ्यांत देखणं मडकं कारागिरानं स्वतःसाठी ठेवलं आणि दाराशी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं, पाण्यानं भरून मांडलं. मग भटकी वाट बघू लागली. भाकरी थापताना कान मडक्याकडं, झाडताना कान मडक्याकडं. दिवस गेले. काही नाही. हवा कोरडी होती, मडकं गप्प होतं. तिला धाकधूक वाटू लागली. आईच्या घरी पाहिलेलं खोटं ठरतं की काय? मग एका दुपारी वळवाचं आभाळ आलं, पडलं नाहीच, नुसतं कोंदलं, अंगाला चिकट घाम सुटला. आणि कोपऱ्यात, उलट्या ठेवलेल्या, त्याच मातीच्या एका फुटक्या झाकणातून आवाज आला. टक्.

झाकणावर नखाएवढी खपली उडाली होती आणि आत पांढरा डोळा. भटकीनं पदर तोंडात कोंबला. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "हसून घे. बाहेर कडी आहे, कुणाला ऐकू जात नाही." आणि स्वतःच आधी हसल्या.

व्यापारी आला तो चार दिवसांनी, तिसऱ्या प्रहरी, माती आणणाऱ्या त्याच गाडीवाल्याची गाडी घेऊनच. गाडीत त्याच मडक्यांच्या खापऱ्या. मागोमाग आळीही आली. फुकटचा तमाशा, कोण सोडतो?

"कारागीर, हे काय दिलंत मला?" व्यापाऱ्यानं एक मडकं उचलून दाखवलं. देवीचे व्रण आलेल्या तोंडासारखं दिसत होतं ते. "कामावर लोक तहानेनं ओरडतायत. रोज सकाळी मडकी गळतायत. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत!"

"उन्हात ठेवली असतील तुम्ही. नाहीतर गाडीत आदळली असतील. हा गाडीवाला..."

"माझ्यावर ढकलू नका हां!" गाडीवाला तडकला.

"माझ्या हाताचं मडकं फुटत नाही!" कारागिरानं दाराशी ठेवलेल्या मडक्यावर थाप मारली. "हे बघा. इतके दिवस पाणी भरून..."

टक्. त्याच्या तळहाताखालून खपली उडाली. मागोमाग दुसरी. पाण्याची धार लागली ती थेट त्याच्या पायांवर. शिंपी फिस्सकन हसला.

कारागीर दारातल्या बायकोकडं वळला. चेहरा लालबुंद. "तू! काय कालवलंस मातीत?"

तिनं पायाशी पडलेली खपली उचलली.

"बोल की!"

"विचारताय?"

"विचारतोय, विचारतोय!"

"मग सांगते. मी काही कालवलं नाही. तुम्ही आणलीत तीच माती तुडवली. चुनखडी आहे तिच्यात."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस, बये!"

"बोलायला तोंड उघडलं होतं. गाडीवाल्याला विचारा. तुम्हीच म्हणालात, विचारल्याशिवाय आवाज काढायचा नाही. आता नवऱ्याचा शब्द मोडू होय मी?"

बायकांत हशा पिकला. गाडीवाल्यानं मान डोलावली. "म्हणाले होते. माझ्यासमोर म्हणाले होते." कारागिराचा हात उठला, पण समोर एवढी माणसं. तो हात त्यानं डोकं खाजवायला नेला.

दया आली का तिला? नाही आली. खोटं कशाला बोला!

"मला तुमच्या घरच्या भानगडी नकोत," व्यापारी म्हणाला. "आधी जी मडकी द्यायचात, ती पाहिजेत. त्या मातीची. ती माती कोण आणायचं?"

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "ही आणायची."

"मग वहिनींना आणू द्या. नाहीतर पलीकडचा कुंभार आहेच. त्याला हे सगळं सांगूनच काम देईन."

पलीकडच्या कुंभाराचं नाव निघालं आणि कारागीर निम्मा झाला. भिंतीकडं बघत म्हणाला, "जा. आण माती."

"दाराला कडी आहे."

"काढलीय ना!"

"उघडलीय. काढली नाही. उखडा."

कारागिरानं व्यापाऱ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. आईनं ओट्यावरून पहार पुढं सरकवली. पहार तिथं केव्हापासून होती कोण जाणे! त्यानं कडी उखडली. खिळे चांगले लोहारानं ठोकलेले, घाम निघाला. चौकटीची ढलपी निघून आली. भटकीनं कडी उचलून कमरेला खोचली.

"आणि पाटी?" ती म्हणाली. "माझी तुम्ही नदीत सोडलीत. दुसरी घ्या. तुमच्या डोक्यावर."

"मी?"

"मग कोण? जागा मी दाखवीन. नाहीतर उद्या पुन्हा म्हणाल, काय कालवलंस."

आळी तीच होती, ऊन तेच होतं. पुढं कारागीर, डोक्यावर रिकामी पाटी, हातात कुदळ. मागं ती. चालता चालता तिनं अंबाडा सोडला. शिंप्याच्या दुकानाशी कात्री थांबलेलीच होती. "काय कारागीर," शिंपी ओरडला, "आज तुम्ही भटकायला निघालात वाटतं?" पाटीखाली कारागिराची मान ताठ झाली. भटकीच्या छातीतून असा काही सुस्कारा निघाला की तिची तीच दचकली.

नदी आली. ती धावतच खडकावर चढली. दरडीतलं बीळ तसंच होतं. तोंडाशी कोळिष्टक धरलं होतं. किरकिर नाही, काही नाही. पिल्लं उडून गेली होती.

आता मात्र तिला रडू आलं. एवढं एकच बघायचं होतं. तेही या माणसानं नेलं. डोळे पुसून ती वळली तेव्हा तिच्या आवाजात ओल नव्हती. "तिथं खणा."

त्यानं खणलं.

"नको, खड्याची निघाली. त्या तिकडं."

तिकडं खणलं.

"ही पण नको."

तिला जागा पहिल्यापासून ठाऊक होती. चाकाच्या हातांना कुदळ ती काय ठाऊक! तळव्याला फोड आले, फोड फुटले, आणि तेव्हा कुठं तिनं खरी जागा दाखवली. तो खणत असताना ती पाण्यात शिरली. गुडघे, कंबर, छाती. कमरेची कडी काढून तिनं खोल पाण्याकडं भिरकावली. बुडुक् आवाज झाला. समोरच्या फांदीवरून खंड्या ओरडत उडाला, आणि त्याच्या मागून आणखी एक, फिकट, आखूड शेपटीचा, वाकडातिकडा उडत. पडतोय की काय म्हणेपर्यंत पलीकडच्या झुडपात पोचला. भटकी हसली. त्या दिवशीसारखीच, मोठ्यानं.

"लोक बघतील," कारागीर काठावरून म्हणाला.

"मी विचारलं का तुम्हाला?"

पाटी भरली. ओल्या मातीची पाटी काय वजनाची असते हे त्याच्या मानेला त्या दिवशी कळलं. तो पुढं, ती मागं, ओलीचिंब, मुद्दाम रेंगाळत. घराशी पोचली तेव्हा तो उंबऱ्यात अडला होता. दारात सासूबाई बसल्या होत्या, पाय पसरून.

"आई, सरक. मान मोडतेय."

"पाय दाखव," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"पाय दाखव, म्हटलं. कुठकुठं जाऊन आलास बघू दे."

पाठीमागं आळी उभी. डोक्यावर पाटी. पाटी टाकावी तर व्यापाऱ्याची मडकी गेली. कारागिरानं भिंतीला एक हात टेकला, लटपटला, आणि पाऊल उलटं केलं. म्हातारीनं वाकून, अगदी डोळे बारीक करून, तळवा बघितला.

"दुसरा."

त्यानं दुसरा दाखवला.

"पिवळी आहे," सासूबाई म्हणाल्या. "जा आत."

मग त्यांनी सुनेकडं बघितलं. केसांतून पाणी ठिबकत होतं. ती उंबऱ्याकडं यायला निघाली, तशी म्हातारीनं हात आडवा धरला.

"तू कशाला आलीस एवढ्यात? उजेड आहे अजून."

भटकीनं पाऊल मागं घेतलं. आतून कारागिराचा आवाज आला, "कुठं?"

ती वळली आणि नदीच्या वाटेला लागली.